सकाळच्या शोचा रक्तपिपासू

ज्याला उन्हात बाहेर पडता येत नाही त्याने नागपुरात येण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. आमच्याकडे मे महिन्यात धडधाकट माणसंच डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून फिरतात, तिथे या विलायती उमरावाचा काय पाड लागणार? पण तो आला. काळा झगा, चोपून बसवलेले केस आणि ओठांवर आलेले दोन सुळे घेऊन तो दर दोन-चार महिन्यांनी सदरमधल्या एका टॉकीजमध्ये यायचा, तेही रविवारी सकाळी दहाच्या शोला. बाहेर ऊन रणरणत असायचं, आत पंखे खडखडत असायचे, आणि पडद्यावर हा शवपेटीचं झाकण सरकवून उठायचा. मागच्या वेळी छातीत खुंटी ठोकून याची राख केलेली आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असायची. पण मेलेल्याला उठवायला निर्मात्याला कारण लागत नव्हतं आणि आम्हालाही लागत नव्हतं.

गोष्ट एकच. ती इंग्रजांनी केली, अमेरिकनांनी केली, आणखी कुठकुठल्या देशांनी केली, आणि प्रत्येकाने जणू ती आपल्यालाच सुचली अशा थाटात केली. डोंगरावरचा वाडा, वाडा दिसताच पुढे यायला नकार देणारा घोडागाडीवाला, वाड्याचं नाव काढताच गप्प होणारी खानावळीतली माणसं. खिडकी उघडू नकोस असं बजावलेली मुलगी हटकून खिडकी उघडायची, आणि उघडताना तिच्या अंगात पातळ झुळझुळीत झगा असायचा. वटवाघूळ दोरीला बांधलेलं असे आणि दोरी दिसत असे. रक्त इतकं लालभडक की ते पाहून मला उन्हाळ्यात हातगाडीवर मिळणाऱ्या बर्फाच्या गोळ्याची आठवण व्हायची. एकदा फार जुना, मुका सिनेमा लावला होता. त्याचं मशीन बहुधा भलत्याच वेगाने फिरत होतं, कारण त्यातलं भूत शेवटची बस चुकत असल्यासारखं धावत यायचं. लोक घाबरण्याऐवजी शिट्ट्या मारत होते. माझ्या मते त्या सगळ्या सिनेमांत तोच त्यातल्या त्यात बरा होता, निदान त्यात कोणी बोलत नव्हतं.

मग तुम्ही बघायला जात का होतात, असं माझा नातू विचारतो. त्याच्या मोबाइलवर आता तो उमराव पुन्हा आला आहे, केस वाढवून, उदास चेहरा करून, प्रेमात पडून. मी त्याला सांगते, बाबा रे, हसायला जात होतो. हे अर्धंच खरं आहे. मला शहाणं असल्यासारखं वाटायचं म्हणून मी जात होते. सगळं टॉकीज किंचाळायचं तेव्हा मी शेंगदाणे सोलत असायचे आणि शेजारच्या बायकांकडे कीव आल्यासारखी बघायचे. वय अठरा, बी. एस्सी.चं पहिलं वर्ष, आणि प्राणिशास्त्रात वर्गात पहिली. एवढं भांडवल त्या वयात जगाला तुच्छ लेखायला पुरतं.

आमचं घर उत्तर नागपुरातल्या वस्तीत, दोन खोल्यांचं. बाबा टपाल खात्यात पत्रं लावायच्या कामावर होते. आयुष्यभर लोकांची पत्रं गावोगावच्या खणांत टाकल्यामुळे त्यांना विदर्भातलं कुठलंही गाव विचारलं की तिथलं टपाल कुठल्या गाडीने जातं ते सांगायचे. दीक्षा घेतली त्याच आठवड्यात त्यांनी घरातले देव, ताईत, काळे दोरे एका पिशवीत भरून घराबाहेर काढले होते आणि माझ्या आजीने त्यावर तीन दिवस अबोला धरला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली बावीस प्रतिज्ञांचा कागद, चौकट करून लावलेला. भूत हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा मानला जायचा. तरी त्या सिनेमांना त्यांची परवानगी होती, कारण इंग्रजी कानावर पडतं. त्या सिनेमातली माणसं फारसं बोलत नाहीत, बहुतेक वेळ किंचाळतात, आणि किंचाळी सगळ्या भाषांत सारखीच असते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्याच सुमारास त्या गोष्टीचे हिंदी अवतारही निघाले. त्यांच्याबद्दल काय बोलावं! झगा तोच, सुळे तेच, फक्त डोंगरावरच्या वाड्याऐवजी ठाकुराची हवेली, आणि मध्ये चार गाणी. इंग्रजीतला उमराव क्रॉस दाखवला की कोलमडायचा, हिंदीतला ॐ दिसला की तोंड झाकायचा, नाहीतर त्रिशूळ बघून जळायचा. त्याचा धर्म कोणता ते कोणी विचारत नव्हतं, ज्या देशात जाईल तिथल्या देवाला तो इमानेइतबारे भ्यायचा. मी एकदा जेवताना बाबांना विचारलं, "बाबा, तो आपल्या घरी आला तं आपण त्याले काय दाखवाचं?" बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा वाचून दाखव. पुऱ्या होयेपर्यंत तो झोपून जाते." माय हसून हसून लोळली.

माझी मोठी बहीण शांताताई उमरेडला दिली होती. तिचा नवरा मधुकर कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात कारकून होता. मला तो आवडायचा, हे आधीच कबूल करून टाकते. बेलबॉटम घालायचा, खिशात कंगवा असायचा, आणि रविवारी पहिल्या एस.टी.ने ताईला घेऊन आमच्याकडे यायचा, केवळ दहाच्या शोसाठी. त्या उमरावाची चाल तो हुबेहूब करायचा. मायची चादर खांद्यावर घेऊन अंगणातून असा सरकत यायचा की ताई पदर तोंडात कोंबून हसायची. आमच्या वस्तीतल्या जावयांमध्ये इतका मोकळा माणूस दुसरा नव्हता, आणि मोकळा माणूस भित्रा असू शकतो हे मला त्या वयात कोणी सांगितलं नव्हतं.

त्याची आई, अनुसयाबाई, अगदी वेगळी. तिच्या दारावर लिंबू-मिरची लटकलेली असायची, बाबांनी एकदा ती बघून न बघितल्यासारखं केलं होतं. आयुष्य मागावर लुगडी विणण्यात गेल्यामुळे तिचे डोळे अधू झाले होते, आणि ते दाखवायला ती एकदा मुला-सुनेबरोबर नागपूरला आली. रविवार होता, डॉक्टर सोमवारी भेटणार होता, म्हणून आम्ही तिघं नेहमीप्रमाणे शोला जाऊन आलो. मायने पाटोडीचा झणझणीत रस्सा केला होता, बाबा ड्यूटीवर होते. अनुसयाबाई भिंतीला टेकून जेवत होती. तिने सहज विचारलं, "काय पाहून आल्या वं पोरीहो?"

सिनेमा पाहून आलो, एवढं सांगितलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण तिची ती लिंबू-मिरची माझ्या डोक्यात होती, आणि शिकलेल्या माणसाचा चेहरा कसा करायचा ते मला नुकतंच जमायला लागलं होतं. मी गंभीर होऊन म्हणाले, "मावशी, काही काही माणसं रक्तावर जगतात. आमच्या पुस्तकात आहे." रक्त पिणारं वटवाघूळ असतं एवढं पुस्तकात खरोखर होतं, माणसाचं शेपूट मी लावलं. ती घास हातात धरून थांबली. मग मला चेव चढला. बाईच्या अंगात ते शिरलं की ती पांढरी पडते, दिवसा झोपते, उन्हात जात नाही, अन्नावरची वासना जाते आणि लसणाचा वास मुळीच सहन होत नाही, असं मी एकेक लक्षण बोटांवर मोजून सांगितलं. अनुसयाबाईने मुलाकडे बघितलं. "खरं हाय काय गा, मधुकर?" मधुकरच्या नाकातोंडात रस्सा गेला होता. तो खोकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "खरं आहे ना आई! कुसुम बी. एस्सी. करून राहिली, ती खोटं काहून सांगन?"

ताई म्हणाली, "काहून भेवाडता वं तिले?" आणि आम्ही दोघं ताटावर वाकून हसलो.

चार-पाच महिने गेले. एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि तिच्यातून ताई उतरली, मागून मधुकर ट्रंक घेऊन, आणि सगळ्यात शेवटी अनुसयाबाई. ताई वाळली होती, ओठ पांढरे पडले होते. अनुसयाबाई तिच्यापासून चांगली चार हात लांब बसली. तिच्या पदराच्या गाठीत लसणाच्या पाकळ्या बांधलेल्या होत्या, त्या मला तशाही दिसल्या आणि वासानेही कळल्या. बाबांनी विचारलं तेव्हा तिने खाली बघत एका दमात सगळं सांगितलं. पोरगी दिवसा झोपते. उन्हात पाय ठेवत नाही. जेवत नाही. लसणाची फोडणी दिली की घरातून पळते. "तीन खेप पाह्यलं म्या, दादा. चवथ्या खेपेले ताटात लसूनच ठेवून देला तिच्याम्होरं. तं भडभड ओकली. आमच्या तिकडं एक जानता हाय, भूत उतरवनारा, त्याच्यापाशी न्या तिले. त्यानं बरं हाय म्हनलं, तं धाडा. नाही तं मले माह्या लेकराच्या जिवाचं भेव वाटते."

बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते हळू आवाजात म्हणाले, "माही पोरगी कोण्या जाणत्यापाशी जाणार नाही. हे तुमच्या डोक्यात कोणी भरवलं, विहीणबाई?"

"शिकल्या लोकाइनं सांगितलं," ती म्हणाली. तिने माझं नाव घेतलं नाही. मी स्वतःच बोलेन असं तिला वाटलं असावं. तिने मुलाकडे बघितलं. मधुकर दारातून रस्त्यावर बघत होता, जणू तिथे कोणाची तरी वरात चालली होती. मी म्हणाले, "चहा ठेवते," आणि आत गेले. स्टोव्हला पंप मारत मारत बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा ट्रंक, ताई आणि माझ्या हातातले सहा कप चहा एवढंच उरलं होतं.

त्यानंतरचे दिवस बाबांना एकच गोष्ट खात होती. सासरच्या माणसांनी पोरीला भूत म्हणून परत आणून सोडलं, आणि तेही ज्या घराने भुताचं नाव टाकलं त्या घरात. वस्तीत आम्ही दिसलो की नळावरच्या बायका विषय बदलायच्या. बाबा रात्रपाळीहून येऊन विनाकारण प्रतिज्ञांच्या चौकटीवरची धूळ पुसायचे. एकदा म्हणाले, "कोण तो शिकलेला हरामखोर आहे ते कळू दे मले." मी पुस्तकात तोंड घातलं. इतरांच्या मूर्खपणावर बोलायला मला कधी शब्द कमी पडले नव्हते, आणि माझ्या स्वतःच्या पाजीपणावर एक शब्द सुचत नव्हता. ज्या बायका टॉकीजमध्ये किंचाळायच्या त्या माझ्यापेक्षा बऱ्या, त्या निदान मोठ्याने भ्यायच्या.

मायला कळलं ते डाळीला लसणाची फोडणी देताना. ताई तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. माय कढई खाली उतरवून तिच्या मागे गेली. चार बाळंतपणं केलेल्या बाईला पुस्तक लागत नाही. "कितवा वं?" तिने विचारलं.

"तिसरा लागला," ताई म्हणाली.

"अवं मंग सांगितलं काहून नाही त्याइले?"

ताईने चूळ भरली आणि तिथेच मोरीच्या कठड्यावर बसली. "सांगणारच होती माय. पण आईनं लसणाचं ताट ठेवलं, तवा हे बाजूलेच उभे होते. मले वाटलं, आता हासतीन, आईले सांगतीन का हे सिनेमातलं आहे. हे काही बोललेच नाही. ओकताना बी बोलले नाही. मंग मले वाटलं, पाहू, कवा बोलते हा माणूस. एस.टी.त बसली तरी वाट पाहिली मी." तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनी उमरेडला कार्ड टाकलं. त्यावर एवढंच लिहिलं होतं: शांताला तिसरा महिना आहे. भूत नाही.

पुढच्याच रविवारी मायलेक हजर. मधुकरच्या हातात पेढ्यांचा पुडा, अंगात नवा बुशशर्ट. तो आला तोच हसत. "चला, खुशीची बातमी! गैरसमज झाला, मिटला. बाबा, चारच्या गाडीनं नेतो हिले." अनुसयाबाई दारातच घुटमळत होती. ताई भिंतीजवळ बसली होती, उठली नाही.

"आईले सांगा पहिले," ताई म्हणाली, "ते काय होतं ते."

"जाऊ दे ना आता. खुशीच्या दिवशी काय घेऊन बसली?"

"सांगा ना. मी आयकून राहिली."

तो पुड्याचा दोरा सोडायला लागला. इतका शांतपणे दोरा सोडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मला तेव्हा त्याची किळस आली, आणि ती किळस त्याच्यापर्यंत जाऊन तशीच माझ्याकडे परत आली. मी उभी राहिले. "मावशी, ते पुस्तकात नाही. सिनेमातलं आहे. तुमाले भेवाडाले मी फेकलं." बाबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी इथे लिहू शकत नाही.

अनुसयाबाईला समजायला वेळ लागला. अधू डोळ्यांनी तिने आधी मला शोधलं, मग मुलाला. "पन तू तं म्हनला होता खरं हाय."

"मजाक होती आई."

"मजाक. अन् म्या ताट ठेवलं तवा? हे पोरगी आतडे वर येईपर्यंत ओकली तवा काहून नाही बोलला?"

"तुले राग आला असता ना. तुही थट्टा केली म्हणून." तो पुटपुटला. म्हणजे आईची थट्टा केल्याचं कबूल करायला नको, म्हणून बायको भूत ठरली तरी त्याला चालत होतं. आजही हे लिहिताना मला राग येतो, आणि तो फक्त त्याच्यावरचा नाही. चहाच्या नावाखाली आत पळालेली मीच होते.

मला वाटलं, आता म्हातारी रडेल, सुनेचे हात धरेल, आणि ताई जाईल. माणसं जातातच. पण अनुसयाबाई सरकत सरकत ताईजवळ गेली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला चिकटून बसली, आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तू इथंच राय माय. म्या नेत नाही तुले."

"आई, काय बोलून राहिली?" मधुकर म्हणाला.

"बरोबर बोलून राह्यली. मले अक्षर येत नाही. मले भेव वाटते. उद्या अजून कोनी काही सांगन, तं म्या ते बी मानीन. माह्या हातून अजून काही होईन. अन् हा बाजूले उभा राहीन, ठावं असून. मंग तुले कोन वाचवन?" तिने पदराची गाठ सोडली, पाकळ्या दाराबाहेर टाकल्या आणि पेढ्यांचा पुडा मुलाच्या हातातून घेऊन ताईच्या ओटीत ठेवला.

ताई परत गेली नाही. मुलगी आमच्याच दोन खोल्यांत जन्मली. पुढे ताई शिवणकाम शिकली, तिने वस्तीत मशीन टाकलं. मधुकर दोनदा आला, दोन्ही वेळा आईसमोर गप्प का राहिला ते सोडून बाकी सगळं बोलला, मग यायचा थांबला. त्या दोघांच्या संसाराबद्दल लोकांची मतं आहेत, असू देत. अनुसयाबाई मात्र मरेपर्यंत महिन्याला एकदा एस.टी.ने यायची आणि नातीला मांडीवर घेऊन बसायची. मी ते सिनेमे त्या दिवसापासून पाहिले नाहीत. यात माझा काही मोठेपणा नाही, तिथे आता मला शहाणं वाटलं नसतं.

त्या रविवारी निघताना अनुसयाबाई उंबरठ्याशी थांबली. एका हाताने चौकट धरून पायाने चपला चाचपत होती. मी मागे उभी होते. मागे न वळताच तिने विचारलं, "कुसुमबाई, तू शिकून मास्तरीन होनार म्हनते ना?"

"हो," मी म्हणाले.

"मंग लेकराइले जपून सांगत जाजो. ते बी माह्यासारखेच असतात. तू म्हनशीन ते मानतात."

तिला डाव्या पायाची चप्पल सापडत नव्हती. मी खाली बसले आणि ती तिच्या पायात घातली.